नाक्यावर बदलायचा झेंडा

मंगळवार, ४ मार्च

झेंडा बदलायचा राहिला! एवढंच झालं. आणि एवढ्यानं गाडीची पुढची काच गेली, माझा शर्ट गेला, भुवईवर टाके पडले. टाके घालताना डॉक्टर माझ्याकडे न बघता नर्सशीच बोलत होता.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

परतीची फेरी होती. शेजारच्या देशातून आपल्याकडे. गाडी भरलेली, सगळे सहलीचे प्रवासी, सगळे खूश. त्यांचा नाका ओलांडला आणि दोन नाक्यांमधल्या पट्टीत आलो. तिथे मी नेहमी गाडी उभी करतो, डॅशबोर्डवरच्या पितळी स्टँडमधून त्यांचा छोटा झेंडा काढून ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि आपला लावतो. प्रवासी टाळ्या वाजवतात. कोणीतरी "आलो बुवा घरी!" म्हणतं. नेहमीचंच. आज गाडी थांबवायच्या आतच मागून ओरडा — "काका! ड्रायव्हरकाका! मास्तर पडले!" निवृत्त मास्तर, एकटेच सहलीला आलेले, अख्ख्या प्रवासात मला इतिहास शिकवत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटेना. आपल्या नाक्यावरच्या साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि "जा, जा, आधी हॉस्पिटल गाठा!" म्हणून फाटक वर केलं. झेंड्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

मला काय ठाऊक, सकाळीच सीमेवर गोळीबार झालाय! जखमी जवानांना त्याच हॉस्पिटलात आणत होते. बाहेर ही गर्दी — झेंडे, घोषणा, टीव्हीवाले. आणि त्या गर्दीत मी हॉर्न वाजवत घुसलो. पुढच्या काचेत त्यांचा झेंडा डुलतोय!

पहिला दगड कुठून आला ते दिसलं नाही. मास्तरांना स्ट्रेचरवर घेतलेलं तेवढं दिसलं. वाचलेत म्हणतात.

घरी आलो तर बायकोनं आधी टाके बघितले. शर्ट भिजत घातला. रक्ताचा डाग गरम पाण्यात जात नाही हे ती मला शिकवते, आणि आज तिनंच गरम पाणी घेतलं.


बुधवार, ५ मार्च

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. खाली लिहिलंय — "जवान रक्तात, ड्रायव्हर शत्रूच्या प्रेमात!" यमक जुळवायला बरा वेळ मिळतो लोकांना.

किराणा दुकानदारानं विचारलं, "तुम्हीच का हो ते?" काय सांगणार? कपाळावर एवढी पट्टी घेऊन फिरणारा दुसरा कोण आहे गल्लीत!

मला दगडाचं काही नाही. टाके निघतील. मला भीती आहे ती पोरीची. पोरगी तिकडे दिली आहे — त्याच देशात, शेवटच्या थांब्याच्या गावात. तेव्हा बरे दिवस होते. ती माझ्याच गाडीवर गाइड म्हणून यायची, जावयाचं त्या गावात औषधाचं दुकान. त्या काळी डॅशबोर्डवर दोन्ही झेंडे शेजारी शेजारी लावायचो, स्टँडला भोकंच दोन आहेत. मग दोन्हीकडून हुकूम आला — एका वेळी एकच. दुसरं भोक तसंच रिकामं राहिलं.

तिचे आता दिवस भरत आलेत. एप्रिलचा पहिला आठवडा सांगितलाय. पहिलं बाळंतपण, आणि तिची आई इकडे. हल्ली एकट्यादुकट्याला व्हिसा मिळत नाही, सहलीच्या यादीत नाव लागतं. म्हणून मालकांनीच सोय करून ठेवली होती — एकोणतीस तारखेची सहल, चालक मी, यादीत बायको. ती बाळंतपणाला राहणार आणि पुढच्या फेरीला परत येणार. डबे भरून ठेवलेत तिनं. काय काय शिवून ठेवलंय, टोपडी, दुपटी, एवढ्याशा झबल्यांना एवढंसं बटण.

तिकडच्या फेऱ्यांची ती लाइन माझ्याकडून गेली तर?


गुरुवार, ६ मार्च

मालकांचा फोन — "उद्या ये. गाडी घेऊन येऊ नकोस."


शुक्रवार, ७ मार्च

लाइन गेली.

मालक वाईट माणूस नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेव्हाच समजलो मी! इतक्या वर्षांत या माणसानं मला उभ्यानंच सगळं सांगितलं — पोरीच्या लग्नाला रजा नाही तेसुद्धा.

"ड्रायव्हर म्हणून तुझ्यात खोट नाही रे. पण ऑफिसवर दगड आले तर मी काय करू? शाळेच्या फेऱ्या घे. मुलं सोड, मुलं आण. वातावरण निवळलं की बघू."

मी म्हटलं, "मालक, बायकोचं नाव यादीत तेवढं राहू द्या. गाडी दुसरा कोणीही चालवू दे."

त्यांनी मान खाली घातली. "तुझं आडनाव दिसलं तर सगळी यादी अडकेल. पंचेचाळीस माणसं आहेत."

पंचेचाळिसांपुढे एक. हिशोब बरोबर आहे त्यांचा. मलाच रडू आलं, त्याला ते काय करणार? चहा तसाच ठेवून आलो.


रविवार, ९ मार्च

बायकोला आज सांगितलं. दोन दिवस तोंडातून निघत नव्हतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही परवा मोजे न काढता झोपलात."

मग म्हणाली, "प्रवाशांना विचारा ना. गाडीत पंचेचाळीस जणांनी पाहिलं की मास्तर पडले म्हणून. एकजण तरी बोलेल."

बिचारी! तिला प्रवासी माहीत नाहीत. मला माहीत आहेत. शेजारच्या देशात असले की काय बोलतात! "किती साधी माणसं हो! रस्ता विचारला तर दुकान सोडून सोबत आले." "आपल्यासारखीच आहेत की! उगाच आपलं कायतरी डोक्यात भरवलेलं असतं." डोळ्यांत पाणी काढतात, फोटो काढतात, पत्ते घेतात. मग परतीला लागलं की हळूहळू पालटतं. त्यांच्या नाक्यापाशी — "बरी आहेत तशी." झेंडा बदलला, टाळ्या वाजल्या की — "पण आपलं ते आपलंच." टोलनाक्यावर कोणालातरी आठवतं की तिकडचं बाथरूम अस्वच्छ होतं. आणि गावचा पूल आला की, "काय दरिद्री देश! फसवतात हो, सरळ सरळ फसवतात!" आरशात मी त्यांची तोंडं बघत असतो. तीच माणसं, त्याच सीटवर बसलेली. आणि गंमत म्हणजे कोणी खोटं बोलत नसतं. त्यांना खरंच तसं वाटायला लागलेलं असतं.

आधी हसायचो मी. पोरीला नक्कल करून दाखवायचो. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पदर तोंडावर धरून हसायच्या. त्या माझी पाण्याची मोठी बाटली प्रत्येक वेळी स्वतः भरून कॅबिनमध्ये ठेवतात. "वाटेतलं पाणी पिऊ नका, घसा धरेल," असं म्हणतात.


मंगळवार, ११ मार्च

मास्तरांकडे गेलो. बायकोच्या आग्रहानं.

हॉस्पिटलातून घरी आणलंय. डावा हात हलत नाही, पण बोलतात स्पष्ट. मला बघून त्यांचे डोळे भरले, उजव्या हातानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, झालं काम! म्हटलं, मास्तर, तुम्ही एवढंच सांगा, की तुम्हाला झटका आला, मी थेट हॉस्पिटलकडे पळवली, म्हणून झेंडा राहिला. टीव्हीवाल्यांना सांगा, नाहीतर नुसतं मालकांना लिहून द्या.

त्यांनी दाराकडे बघितलं. मुलगा दारात उभा होता. तोच बोलला — "बाबांना काही आठवत नाही."

"आठवत नाही कसं? मला तहाच्या तारखा सांगत होते!"

"डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

मास्तरांनी माझा हात सोडला. हळूच म्हणाले, "मुलाची बढती अडलीय हो काका. सरकारी नोकरी." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी उठलो. मुलानं दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, "तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही." मला हसू फुटलं. विसरणार नाही म्हणतोय, आणि आठवतही नाही!

घरी येऊन बायकोला म्हटलं, मास्तर झोपले होते.


गुरुवार, १३ मार्च

गल्लीत प्रत्येक गच्चीवर झेंडा लागलाय. दुकानात झेंडे मिळेनासे झाले, लहान तेवढे शिल्लक आहेत. आमच्या घरावर नाही म्हणून समोरचा शिंपी रोज वर बघून जातो.

आज बायकोनं कपाटातून आमचा जुना झेंडा काढला, इस्त्री केली, बाल्कनीत बांधला. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या वर. खाली माझे बनियन. मी म्हटलं, "अगं, बनियन तरी काढ, आणखी एक व्हिडिओ निघेल!" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग बनियन काढता काढता रडायला लागली.

मला झेंड्याचा राग नाही. लहानपणी शाळेत मीच तो चढवायचो, उंच होतो म्हणून. दोरीची गाठ सोडली की फुलासारखा उघडायचा, आणि छातीत काहीतरी व्हायचं. आजही होतं. खोटं कशाला बोलू? हे लोक मला माझ्याच झेंड्याची भीती दाखवतात, त्यानं माझा जीव जळतो.


शनिवार, १५ मार्च

शाळेची फेरी. पोरं चांगली आहेत. एकानं विचारलं, "काका, तुम्ही गद्दार आहात का?" — अगदी, काका तुम्हाला पोहता येतं का, अशा आवाजात. म्हटलं, नाही रे बाळा. "मग ठीक आहे," म्हणाला आणि खिडकीतून बघायला लागला.

पोरीचा फोन आला. आवाज दमलेला.

"बाबा, तुमचं कपाळ दाखवा."

दाखवलं.

"आई येतेय ना एकोणतीसला? माझ्या पायांना सूज आलीय. सासूबाई करतात हो सगळं, अंथरुणातून उठू देत नाहीत. पण बाबा… आई हवी."

माझ्या तोंडून निघून गेलं — "येतेय गं. मी घेऊन येतोय."

बायको मागे उभी राहून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आता?"


सोमवार, १७ मार्च

मंडळाचे अध्यक्ष घरी आले. गल्लीतल्या सगळ्या मिरवणुका, सभा, झेंडे यांचेच. सोबत दोघं पोरं, एकाच्या हातात कॅमेरा. मला वाटलं, आता घरावर दगड. पण नाही! बूट बाहेर काढले, बायकोला "वहिनी" म्हणाले, पाणी मागितलं.

"हे बघा काका, चूक माणसाच्या हातून होते. आम्हाला तुमचं नुकसान करायचं नाही. तुम्ही तिकडे सतत जाता, तिकडचं सगळं जवळून पाहिलंय. तुमच्यासारख्या माणसानं सांगितलं तर लोकांना पटेल. दोन मिनिटं बोला, तिकडची माणसं खरी कशी आहेत ते. बस्स. मग तुमच्या मालकांना मी स्वतः फोन करतो. एकोणतीसची गाडी तुम्हीच न्या!"

एकोणतीस तारीख याला कोणी सांगितली? गल्लीत काही लपत नाही म्हणा.

विचार करतो म्हटलं. जाताना त्यांनी बाल्कनीतला झेंडा बघितला आणि म्हणाले, "छान इस्त्री केलीय, वहिनी."


मंगळवार, १८ मार्च

बायको म्हणते, "बोलून टाका. बोलल्यानं काय अंगाला भोकं पडतात?"

मी म्हटलं, "अगं, ती माणसं ऐकतील. विहीणबाई ऐकतील!"

"त्यांना मी समजावीन. समोर बसून, पाय धरून समजावीन. पण त्यासाठी मला तिथे पोचायला नको का?"

तिचं खरं आहे. आणि माझंही खरं आहे. दोघं दोन बाजूंना तोंड करून पडलो होतो.


गुरुवार, २० मार्च

बोललो.

अध्यक्षांच्या कचेरीत. मागे मोठा झेंडा, समोर दिवे. त्यांनी लिहून दिलेलं होतं. वाचलं. "ते आपला द्वेष करतात… वरून गोड बोलतात…" असलं काहीबाही. वाचताना मी मनात म्हणत होतो, हे माझं नाहीच, हे कागदाचं आहे.

अध्यक्ष खूश नव्हते. "काका, पाठ केल्यासारखं वाटतंय. तुमचं स्वतःचं काहीतरी सांगा. घडलेलं."

काही आठवेना. वाईट असं काही घडलंच नव्हतं तर आठवणार कुठून! सगळे थांबलेत, दिवे तापलेत, आणि माझ्या डोक्यात फक्त एकोणतीस, एकोणतीस.

मी म्हटलं — "तिकडे आपल्या माणसाला पाण्याचा पेला देत नाहीत. दारात उभं करून ओंजळीत ओततात. गुरासारखं."

कुठून आलं हे माझ्या तोंडात? शपथ सांगतो, क्षणापूर्वी माझ्या मनातही नव्हतं. पाण्याचंच का आलं? आणि नुसतं बोललो नाही मी! ओंजळ करून दाखवली. आवाजही कापला, तोही अगदी हवा तिथेच.

कॅमेऱ्यावरच्या पोरानं डोळे पुसले. अध्यक्षांनी मिठी मारली. मी हात पँटला पुसले.


शनिवार, २२ मार्च

शिंप्यानं आज स्वतःहून हाक मारली. "काका, ऐकलं हो! डोळे उघडले आमचे." किराणावाल्यानं खुर्ची पुढे केली. मालकांचा फोन — "गाडी तयार आहे, नवी काच बसवलीय. वहिनींचं नाव यादीत घातलं."

गल्लीत मी आता मोठा माणूस! लोक थांबवून विचारतात, पाण्याचं ते सांगा ना पुन्हा. एक बाई, दोन सहली माझ्याच गाडीनं केलेल्या, तिकडच्या लोकांनी हिला घरी नेऊन जेवू घातलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणते, "अगदी खरं बोललात! मलासुद्धा ओंजळीतच दिलं होतं."

तिला खरंच आठवत होतं!


सोमवार, २४ मार्च

पोरगी फोन उचलत नाही.


मंगळवार, २५ मार्च

उचलत नाही. बायको म्हणते झोपली असेल. दिवसभर?


बुधवार, २६ मार्च

जावयाचा निरोप आला, लिहून. "आईनं तुमचा व्हिडिओ पाहिला." बस्स, एवढंच. पुढे काही नाही. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. हा मुलगा मला एवढा मान देतो की माझ्यासमोर पाय पसरून बसत नाही.

विहीणबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. रिकामी बाटली हातात घेऊन उभ्या आहेत असंच दिसतं.

मी लगेच लिहिलं — "ते खोटं आहे, मला बोलायला लावलं, येऊन सगळं सांगतो." निरोप पोचलाच नाही. त्यानं माझा नंबरच बंद केलाय.


शुक्रवार, २८ मार्च

बायकोनं बॅग भरली. उपसली. पुन्हा भरली. मी म्हटलं, "तिकडे दारात तरी उभं करतील का आपल्याला?"

तर एकदम कडाडली — "नका करू! ओंजळीत ओतलं तरी पिईन मी. माझ्या पोरीचे दिवस भरलेत!"

मग तिनं तिचंच तोंड हातानं दाबून धरलं.


शनिवार, २९ मार्च

आपल्या नाक्यावर साहेबांनी हात हातात घेतला. "शाब्बास काका!" प्रवाशांनी माझ्याबरोबर फोटो काढले. मधल्या पट्टीत गाडी थांबवली, आपला झेंडा काढला, त्यांचा लावला. दांडी दोनदा भोकाबाहेरच आपटली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यांच्या नाक्यावर तपासणीचा जो साहेब असतो तो माझ्या ओळखीचा. वर्षानुवर्षं "काय काका, पोरगी कशी आहे?" विचारून शिक्का मारायचा. आज पासपोर्ट उघडला आणि तसाच ठेवला. मला आणि बायकोला खोलीत बोलावलं. बसा म्हणाला नाही.

"आमच्याकडे तुम्हाला पाणी मिळत नाही ना? मग कशाला येता?"

मी सगळं सांगितलं. दगड, मास्तर, मालक, अध्यक्ष, बाळंतपण. भडाभडा. बायकोनं हात जोडले. "मला एकटीला सोडा. यांना परत पाठवा. मी तिकडे काही बोलणार नाही, कोणाला तोंड दाखवणार नाही, खोलीतच राहीन."

त्यानं ऐकून घेतलं. वाईट वाटत होतं त्याला, मी शपथेवर सांगतो. पण खिडकीबाहेर त्याचे लोक उभे होते, त्यांच्या हातात मोबाइल.

"वरून नाव आलंय काका. दोघांचंही. माझ्या हातात नाही."

मग त्यानं टेबलावरचा पेला घेतला, पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरला. दोन्ही हातांनी धरला. बाहेरचे मोबाइल वर झाले.

मी प्यायलो. काय करणार? घसा कोरडा पडला होता. थंड होतं, चांगलं होतं. पेला खाली ठेवल्यावर मला त्याच्याकडे बघवेना.

गाडी त्यांच्या चालकानं पुढे नेली. पंचेचाळीस जण हात हलवत गेले, कोणीतरी खिडकीतून ओरडलं, "काका, काळजी करू नका, आम्ही आहोत तुमच्या पाठीशी!" आम्ही दोघं बॅग घेऊन मधल्या पट्टीतून चालत परत आलो. आपल्या नाक्यावरच्या साहेबांना फार राग आला. "बघा, म्हाताऱ्या बाईलासुद्धा सोडत नाहीत हे लोक! काका, यावर एक व्हिडिओ करायलाच पाहिजे!"

बायको खाली बसली. मातीतच.


सोमवार, ३१ मार्च

काही नाही.


मंगळवार, १ एप्रिल

बॅग दारातच आहे. ती उचलू देत नाही, उघडूही देत नाही. जेवत नाही. फोन मांडीवर घेऊन बसते. मी बाजूला बसलो की सरकून जागा देते, एवढंच.

आज म्हणाली, "तुमचं चुकलं नाही. मीच म्हटलं होतं बोला म्हणून." मला वाटलं होतं शिव्या देईल. शिव्यांची तयारी ठेवली होती मी, याची नाही.

झेंडा बदलायचा राहिला हे खरं. पण मला आता वाटतं, त्या दिवशी बदलला असता तरी हे आज ना उद्या झालंच असतं. कशावरून तरी झालंच असतं.


गुरुवार, ३ एप्रिल

कॅमेऱ्यावरच्या त्या पोरानं एक व्हिडिओ पाठवलाय. तिकडून फिरत फिरत आलेला. "काका, हे बघा काय करतात ते."

आमची पोरगी. मागे त्यांचा मोठा झेंडा, समोर दिवे असणार, कारण डोळे बारीक केलेत. हातात कागद. आपल्या भाषेत बोलतेय, मुद्दाम, इकडे कळावं म्हणून. "तो माणूस खोटं बोलला. तो माझा कोणी नाही. माझं घर हेच." वाचताना ओळीच्या शेवटी थांबते, शाळेत थांबायची तशी.

आणि कुशीत बाळ! एवढंसं. दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं. मुलगा की मुलगी कळत नाही. छातीशी त्यांचा छोटा कागदी झेंडा टाचलाय.

बायको फोन तोंडाशी धरून ओरडतेय, "अगं, टाचणी काढ आधी! टोचेल ना त्याला!"